इंडक्शन मोटार आणि सिंक्रोनस मोटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय आणि डिप्लोमाचे विद्यार्थी, कारखान्यांतले मेंटेनन्सवाले, विहिरीवर मोटार असलेले शेतकरी, अशा सगळ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पुस्तकात दोन्ही मोटारींच्या फरकाचा तक्ता असतो. मुलं तो पाठ करतात आणि तोंडी परीक्षेत ‘का?’ असं विचारलं की अडतात. इथे भर त्या ‘का’वर आहे. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे आकडे आपल्याकडच्या ५० हर्ट्झ, ४१५ व्होल्ट, थ्री फेज पुरवठ्याचे समजावेत.

१. दोन्हींतला मूळ फरक एका वाक्यात सांगता येईल का?

येईल. फरक आहे तो रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, चुंबकत्व कुठून मिळतं याचा.

स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, दोन्हींचा जवळपास सारखाच असतो. खाचांमध्ये तीन फेजचं वाइंडिंग असतं आणि त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. इंडक्शन मोटारीच्या रोटरला बाहेरून वीज जोडलेली नसते. स्टेटरचं क्षेत्र रोटरच्या सळ्यांवरून सरकतं, त्यामुळे सळ्यांत करंट तयार होतो आणि रोटर चुंबक बनतो. सिंक्रोनस मोटारीच्या रोटरला स्वतःचं चुंबकत्व असतं, एकतर डीसी देऊन केलेलं किंवा कायमच्या चुंबकांचं. स्लिप, पॉवर फॅक्टर, सुरू होण्याची पद्धत, किंमत हे बाकीचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात. तक्ता पाठ करण्याऐवजी प्रत्येक ओळ इथपर्यंत मागे नेऊन बघा, तो पाठ करावाच लागणार नाही.

२. सिंक्रोनस स्पीड १५०० च का? कुठून येतो हा आकडा?

१२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची, म्हणजे स्टेटरच्या क्षेत्रातल्या चुंबकीय ध्रुवांची, संख्या. ५० हर्ट्झवर २ पोलला ३०००, ४ पोलला १५००, ६ पोलला १००० आणि ८ पोलला ७५० आरपीएम. हा वेग स्टेटरच्या फिरत्या क्षेत्राचा आहे, शाफ्टचा नाही. मोटार बंद पडून नुसती गुणगुणत असली तरी तिन्ही फेज असतील तर आतलं क्षेत्र १५०० नेच फिरत असतं.

३. माझ्या मोटारीच्या नेमप्लेटवर १४४० लिहिलंय. उरलेले ६० फेरे कुठे गेले?

ते गेले नाहीत. त्यांच्याच जोरावर मोटार फिरते आहे.

रोटर १५०० ने फिरला असता तर तो आणि फिरतं क्षेत्र एकाच चालीने गेले असते. मग सळ्यांना क्षेत्रात काही बदल जाणवला नसता, करंट तयार झाला नसता आणि जोरही मिळाला नसता. रोटर किंचित मागे राहतो म्हणूनच क्षेत्र त्याच्यावरून सरकतं. इथे हा मागेपणा १५०० पैकी ६०, म्हणजे ४ टक्के. यालाच स्लिप म्हणतात. रोटरच्या सळ्यांमधल्या करंटची फ्रिक्वेन्सीही ५० हर्ट्झच्या ४ टक्के, म्हणजे फक्त २ हर्ट्झ असते.

हा आकडा पूर्ण लोडचा आहे. तीच मोटार रिकामी चालवली तर १४९० च्या पुढे जाते. मोठ्या मोटारींची पूर्ण लोडची स्लिप १ टक्क्याच्या आसपास असते. म्हणून त्यांच्या प्लेटवर १४८५ सारखे आकडे दिसतात.

४. बेअरिंग उत्तम घातल्या, घर्षण जवळजवळ शून्य केलं, तर इंडक्शन मोटार १५०० गाठेल का?

नाही. घर्षण कमी झालं की ती १५०० च्या आणखी जवळ जाईल, पण १५०० ला जोर शून्य होतो आणि थोडंसं घर्षण व हवेचा विरोध तरी उरतोच. बाहेरून दुसऱ्या इंजिनाने ढकललं तर मात्र ती १५०० गाठते आणि ओलांडतेही. पुढे काय होतं ते प्रश्न १८ मध्ये आहे.

५. स्लिप जास्त म्हणजे मोटार खराब, असं धरायचं का?

सरसकट नाही, पण स्लिपमागे उष्णता असते. स्टेटरकडून रोटरला जेवढी शक्ती पोचते, तिच्यातला स्लिपएवढा भाग रोटरच्या सळ्यांत जळतो. ४ टक्के स्लिप म्हणजे रोटरला मिळालेल्या शक्तीतली ४ टक्के तिथेच उष्णता झाली. म्हणून कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारींची स्लिप जुन्यांपेक्षा सहसा कमी असते.

उलट पॉवर प्रेस आणि काही क्रेनसाठी मुद्दाम जास्त स्लिपच्या मोटारी घेतात. प्रेसचा ठोका पडतो तेव्हा मोटार थोडी दबते आणि फ्लायव्हीलमधली साठवलेली शक्ती कामाला येते. तिथे जास्त स्लिप हा गुणच आहे. तुमची जुनी मोटार पूर्वी १४४० ने चालायची आणि तेवढ्याच लोडवर, तेवढ्याच व्होल्टेजला आता १४१० दाखवते आहे, तर तो आजार. अशा वेळी रोटर तपासून घ्या.

६. सिंक्रोनस मोटारीवर लोड वाढवला तरी वेग तोच राहतो. मग तिला लोड वाढल्याचं कळतं कसं?

कोनाने. रिकाम्या मोटारीत रोटरचे पोल फिरत्या क्षेत्राच्या पोलांसमोर जवळजवळ सरळ रेषेत असतात. लोड वाढला की रोटर क्षणभर मंदावतो, थोड्या अंशांनी मागे सरकतो आणि पुन्हा त्याच १५०० ने, पण तेवढाच मागे राहून फिरत राहतो. या कोनाला लोड अँगल म्हणतात. क्षेत्र आणि रोटर एका रबरी पट्ट्याने बांधलेत असं समजा. लोडबरोबर पट्टा ताणला जातो, पण दोघांचा वेग एकच राहतो.

ताणाला हद्द असते. गोल रोटरच्या मोटारीत हा कोन ९० इलेक्ट्रिकल अंशांपर्यंत पोचला की जोर कमाल होतो. त्यापुढे बंध सुटतो आणि मोटार तालातून निसटते. म्हणजे इंडक्शन मोटार लोडखाली थोडी थोडी वाकते, तर सिंक्रोनस मोटार शेवटपर्यंत वाकत नाही आणि मग एकदम सुटते.

पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी हलली तर सिंक्रोनस मोटारीचा वेगही तंतोतंत तेवढाच हलतो. आपल्या ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा ठरलेला आहे. त्यात ४ पोलची मोटार १४९७ ते १५०१.५ आरपीएममध्ये राहते.

७. सिंक्रोनस मोटार स्वतःहून सुरू का होत नाही?

रोटर जड आणि थांबलेला, समोर क्षेत्र मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण वेगाने फिरणारं. क्षेत्राचा उत्तर पोल जवळ आला की रोटरचा दक्षिण पोल पुढे ओढला जातो. पण तो जागचा हलायच्या आत क्षेत्राचा दक्षिण पोल येऊन त्याला मागे लोटतो. सेकंदाला ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे. सरासरी जोर शून्य. मोटार थरथरते, गुरगुरते आणि जागीच राहते.

इंडक्शन मोटारीत ही अडचण नाही. तिथे रोटरचं चुंबकत्व त्या क्षेत्रानेच घडवलेलं असतं. थांबलेल्या रोटरवरही ते क्षेत्राबरोबरच फिरतं, म्हणून ओढ सतत एकाच दिशेला राहते.

८. मग कारखान्यात ती चालू करतात कशी?

सर्वात रुळलेली पद्धत अशी: रोटरच्या पोलांच्या तोंडाशी तांब्या-पितळेच्या सळ्या बसवून त्या टोकाला जोडलेल्या असतात. याला डॅम्पर वाइंडिंग म्हणतात. सुरुवातीला डीसी न देता मोटार याच पिंजऱ्याच्या जोरावर इंडक्शन मोटारीसारखी चालू करतात. साधारण ९५ टक्के वेग आला की फील्डला, म्हणजे रोटरच्या पोलांवरच्या वाइंडिंगला, डीसी देतात. रोटर एक झटका घेऊन तालात बसतो. अनुभवी ऑपरेटरला तो आवाज कानाने कळतो.

एक खबरदारी जिवाची आहे. सुरू होताना फील्ड वाइंडिंगची टोकं उघडी ठेवायची नाहीत. त्या वाइंडिंगचे वेढे भरपूर असतात आणि फिरतं क्षेत्र त्यात हजारो व्होल्ट उभे करू शकतं. इन्सुलेशन फाटतं आणि जवळ उभ्या माणसालाही धोका असतो. म्हणून टोकं डिस्चार्ज रेझिस्टन्समधून जोडून ठेवतात आणि डीसी देतानाच तो रेझिस्टन्स काढला जातो. हे काम पॅनेल आपोआप करतं, पण तो रेझिस्टन्स जळालाय का हे वार्षिक शटडाउनमध्ये जरूर पाहा.

फार मोठ्या मोटारींना हळूहळू फ्रिक्वेन्सी वाढवत नेणारा कन्व्हर्टर लावतात. अशा मोटारी कुठे असतात ते प्रश्न ११ मध्ये आहे.

९. पॉवर फॅक्टरचा या सगळ्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे लाइनमधून घेतलेल्या एकूण शक्तीपैकी (केव्हीए) प्रत्यक्ष कामाला येणाऱ्या शक्तीचा (किलोवॅट) वाटा. इंडक्शन मोटारीला आतलं चुंबकत्व उभं करायलाही लाइनमधूनच करंट घ्यावा लागतो आणि हा करंट नेहमी व्होल्टेजच्या मागे पडणारा, म्हणजे लॅगिंग असतो. पूर्ण लोडला तिचा पॉवर फॅक्टर ०.८ ते ०.८८ च्या घरात असतो. रिकामी चालली की तो ०.३ च्याही खाली घसरतो, कारण काम नसलं तरी चुंबकत्वाचा करंट तेवढाच लागतो. हा करंट कमीत कमी राहावा म्हणून स्टेटर-रोटरमधली फट बारीक ठेवतात, लहान मोटारीत मिलिमीटरच्या अंशाएवढी. बेअरिंग झिजल्यावर रोटर घासायला लागतो तो त्यामुळेच.

सिंक्रोनस मोटारीत चुंबकत्वाचं काम डीसी करतं, त्यामुळे फटही मोठी ठेवता येते. डीसी कमी दिलं तर उरलेली गरज ती लाइनमधून भागवते आणि लॅगिंग होते. नेमकं दिलं तर पॉवर फॅक्टर १ येतो. जास्त दिलं तर ती लीडिंग होते, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे जातो, आणि शेजारच्या इंडक्शन मोटारींची चुंबकत्वाची गरज आपणच पुरवू लागते.

आकड्यांत बघू. कारखान्याचा लोड ४०० किलोवॅट, पॉवर फॅक्टर ०.८ लॅगिंग, म्हणजे ५०० केव्हीए. त्यात १०० किलोवॅट घेणारी ०.८ लॅगिंगची इंडक्शन मोटार वाढवली तर एकूण ६२५ केव्हीए होतात. तिच्याऐवजी १०० किलोवॅटचीच सिंक्रोनस मोटार ०.८ लीडिंगवर चालवली तर एकूण सुमारे ५४८ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.९१. केव्हीएएचवर (केव्हीए गुणिले तास) बिल येणाऱ्या एचटी, म्हणजे उच्च दाबाच्या, ग्राहकाला हा फरक दर महिन्याला जाणवतो.

१०. मग सगळीकडे सिंक्रोनसच का नाही बसवत?

कारण इंडक्शन मोटारीचा साधेपणा अफाट आहे. रोटर म्हणजे पत्र्यांच्या थप्पीत ओतलेलं ॲल्युमिनियम. ब्रश नाहीत, डीसी नाही, फील्डचं पॅनेल नाही. धुळीत, चिखलात, बोअरच्या तळाशी पाण्यात ती वर्षानुवर्षं चालते. पॉवर फॅक्टरची उणीव कपॅसिटर लावून स्वस्तात भरून निघते. माझं स्पष्ट मत आहे की लहान-मध्यम कारखान्याने केवळ पॉवर फॅक्टरसाठी डीसी फील्डची सिंक्रोनस मोटार घेऊ नये.

जुन्या लोकांचा एक ठोकताळा अजून कामाचा आहे: मोटारीचा एचपीचा आकडा आरपीएमच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर सिंक्रोनसचा विचार करा. ३०० आरपीएमचा १००० एचपीचा कॉम्प्रेसर सिंक्रोनसला शोभतो. १५०० आरपीएमची ५० एचपी मोटार निःसंशय इंडक्शनच. कारण कमी वेगाला पोल खूप लागतात आणि पोल वाढले की इंडक्शन मोटारीचा पॉवर फॅक्टर आणखी ढासळतो.

११. महाराष्ट्रात किंवा जवळपास मोठी सिंक्रोनस मोटार कुठे आहे?

घाटघरला. सह्याद्रीच्या कड्यावर, अहिल्यानगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर हे उदंचन जलविद्युत केंद्र आहे. तिथे १२५ मेगावॅटचे दोन संच आहेत. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरच्या धरणातलं पाणी खाली येतं आणि यंत्र जनरेटर असतं. ग्रिडमध्ये वीज शिल्लक असते तेव्हा तेच यंत्र सिंक्रोनस मोटार होऊन पाणी वर चढवतं. शेजारी तेलंगणात, गोदावरीवरच्या कालेश्वरम उपसा सिंचन योजनेत १३९ मेगावॅटच्या एकेक मोटारी आहेत, त्याही सिंक्रोनसच.

१२. घरातल्या कोणत्या वस्तूत कोणती मोटार असते?

जुन्या पद्धतीच्या सीलिंग फॅनमध्ये कपॅसिटरची सिंगल फेज इंडक्शन मोटार असते. बीएलडीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या फॅनच्या रोटरवर चुंबक असतात. स्वभावाने ती सिंक्रोनस मोटारच आहे, फक्त तिला आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डमधून हवी तशी फ्रिक्वेन्सी मिळते. जुना फॅन ७०-७५ वॅट घेतो तिथे हा ३० च्या आसपास घेतो, याचं एक मोठं कारण म्हणजे रोटरला चुंबकत्व देण्यावर वीज खर्चच होत नाही. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरमध्येही बहुधा हीच जात असते.

मायक्रोवेव्हची थाळी आणि कूलरच्या झडपा हलवणारी मोटार ही इवलीशी सिंक्रोनस मोटार असते. थाळी कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरू लागते ना? ते नादुरुस्तीचं लक्षण नाही. सिंगल फेजवर या मोटारीला ठरावीक दिशाच नसते. ज्या बाजूला पहिला झटका बसला, तिकडे ती जाते.

मिक्सर आणि हँड ड्रिल या दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. त्यांत ब्रशवाली युनिव्हर्सल मोटार असते.

१३. आमच्याकडे व्होल्टेज फार पडतं. इंडक्शन मोटार गरम होते. सिंक्रोनस असती तर टिकली असती का?

जोराच्या बाबतीत जास्त टिकली असती. इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. लाइनच्या शेवटी ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट मिळत असतील तर व्होल्टेज ८२ टक्के झालं, पण जोराची कमाल मर्यादा ६७ टक्क्यांवर आली. लोड तेवढाच असल्यामुळे मोटार मागे पडते, स्लिप वाढते, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. सिंक्रोनस मोटारीत रोटरचं चुंबकत्व पुरवठ्यावर अवलंबून नसेल तर जोर सरळ प्रमाणात, म्हणजे ८२ टक्क्यांपर्यंतच उतरतो. वर डीसी वाढवून थोडी भरपाईही करता येते.

पण विहिरीवरच्या ५-१० एचपीसाठी हा उपाय नाही. तिथे योग्य जाडीची केबल, ट्रान्सफॉर्मरवरचा लोड आणि नेमका सेट केलेला ओव्हरलोड रिले या तीन गोष्टींनी मोटार वाचते. ओव्हरलोड वारंवार पडतो म्हणून रिलेचं सेटिंग वाढवून ठेवणं म्हणजे वाइंडिंग जळायला मोकळी वाट देणं.

१४. एक फेज गेल्यावर मोटार गुणगुणते पण फिरत नाही. चालू असताना फेज गेला तर मात्र फिरत राहते. असं का?

दोन वायरींवर फिरतं क्षेत्र तयार होत नाही. जागच्या जागी उलटसुलट होणारं क्षेत्र तयार होतं. ते म्हणजे समान ताकदीची दोन क्षेत्रं, एक सुलट आणि एक उलट फिरणारं. थांबलेल्या रोटरवर दोघांची ओढ सारखीच, म्हणून मोटार नुसती गुणगुणते, प्रचंड करंट घेते आणि थोड्याच वेळात जळते. आधीच फिरत असलेला रोटर सुलट क्षेत्राच्या बाजूने झुकलेला असतो, म्हणून तो फिरत राहतो. पण उरलेल्या दोन फेजचा करंट साधारण पावणेदोन पट होतो. रात्री मोटार चालू ठेवून घरी झोपलेल्या शेतकऱ्याची मोटार सकाळी जळालेली सापडते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर खर्चिक नाही, तो लावाच.

दोन फेजवर कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार चालवायची पद्धत गावोगाव आहे. कंडेन्सरमुळे तिसऱ्या फेजची नक्कल होते, पण तिन्ही फेज समतोल राहत नाहीत. मोटार चालते आणि तापतेही. पूर्ण लोडवर तासन्तास अशी चालवू नका.

चालू सिंक्रोनस मोटारीचा फेज गेला तर ती हलक्या लोडला तालात राहू शकते. पण उलट क्षेत्र तिच्या डॅम्पर सळ्यांना १०० हर्ट्झचे करंट देऊन तापवतं, म्हणून संरक्षण तिलाही हवंच.

१५. नेमप्लेट पुसली गेली आहे. चालत्या मोटारीवरून ती कोणती हे ओळखता येईल का?

येईल, आणि लॅबमध्ये मुलांनी हे जरूर करावं. मोटार बंद असताना शाफ्टच्या टोकावर खडूने एक रेघ मारा. मग ती जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटच्या उजेडात चालवा. अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. ४ पोलची सिंक्रोनस मोटार सेकंदाला २५ फेरे घेते, म्हणून रेघेच्या चार प्रतिमा जागच्या जागी स्थिर दिसतात. इंडक्शन मोटारीत याच प्रतिमा फिरण्याच्या उलट दिशेला हळूहळू सरकतात. १४४० ला त्या सेकंदाला एक फेरा मागे जातात. रिकामी मोटार १४९५ ला असेल तर मागे एक फेरा जायला १२ सेकंद लागतात. टॅकोमीटरशिवाय स्लिप मोजायची ही जुनी युक्ती आहे. चांगल्या एलईडी दिव्याखाली मात्र हे दिसत नाही.

याच कारणाने अशा ट्यूबखाली फिरतं यंत्र थांबल्यासारखं भासू शकतं. हात घालण्याआधी वीज बंद आहे याची खात्री करा.

१६. व्हीएफडी लावली की इंडक्शन मोटार सिंक्रोनस होते का?

नाही. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, फ्रिक्वेन्सी बदलते, म्हणजे क्षेत्राचा वेग बदलते. त्या नव्या वेगाच्या मागेही रोटर राहतोच. २५ हर्ट्झवर क्षेत्र ७५० ने फिरेल आणि तेवढ्याच जोराला रोटर सुमारे ६९० ने. मागे राहिलेले फेरे तेच ६०, पण टक्क्यांत स्लिप ८ झाली. काही ड्राइव्ह लोड ओळखून फ्रिक्वेन्सी किंचित वाढवतात, त्यामुळे शाफ्टचा वेग हवा तेवढा राहतो. पण आतली स्लिप तशीच असते.

उलट बाजूने पाहिलं तर फक्त कायमचे चुंबक असलेल्या मोटारी सहसा ड्राइव्हशिवाय चालतच नाहीत. बीएलडीसी फॅनचं कार्ड बिघडलं म्हणून वायर थेट प्लगला जोडण्याचा प्रयत्न करू नका. कारण प्रश्न ७ मधलंच. अपवाद आहे तो चुंबकांबरोबर पिंजराही बसवलेल्या मोटारींचा. त्या थेट लाइनवर सुरू होतात.

१७. ॲमीटरचा काटा एका तालात झुलतो. दोष कुठे शोधायचा?

आधी मोटार कोणती ते बघा, कारण दोन्हींत कारण वेगळं असतं.

इंडक्शन मोटारीत रोटरची सळी तुटली असेल तर करंट स्लिप फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट गतीने झुलतो. स्लिप २ टक्के असेल तर सेकंदाला २ वेळा. लोड वाढवला की झोके जलद होतात, रिकामी केली की जवळजवळ नाहीसे होतात. म्हणून ही तपासणी लोडवरच करायची. वारंवार सुरू-बंद होणाऱ्या मोटारींत हा दोष जास्त आढळतो, कारण दर स्टार्टला सळ्यांतून अनेक पट करंट जातो. मात्र लोडच झुलता असेल, उदाहरणार्थ पिस्टनचा कॉम्प्रेसर, तर काटाही झुलणारच. मोटार उघडण्याआधी ती शक्यता काढून टाका.

सिंक्रोनस मोटारीत हा झोका हंटिंगचा असू शकतो. लोड अचानक बदलला की रोटर नव्या कोनावर जाताना थोडा पुढे जातो, मग मागे येतो, असं डोलत राहतो. डॅम्पर वाइंडिंग हे डोलणं शमवतं, कारण डोलताना स्लिप तयार होते आणि सळ्यांत विरोधी करंट वाहतो. पिस्टनचा कॉम्प्रेसर ठरावीक तालाने धक्के देतो. तो ताल रोटरच्या स्वतःच्या डोलण्याच्या तालाशी जुळला तर मोटार तालातून सुटू शकते. अशा ठिकाणी फ्लायव्हीलचं वजन हिशेबाने ठरवलेलं असतं. ते बदलायचं असेल तर आधी बनवणाऱ्याला विचारा.

१८. इंडक्शन मोटार जनरेटर म्हणून चालते हे खरं आहे का?

खरं आहे. बाहेरून ढकलून तिला १५०० च्या वर नेलं की स्लिप उलटी होते आणि ती लाइनमध्ये वीज पाठवू लागते. जुन्या धाटणीच्या पवनचक्क्यांत हाच प्रकार असे, कारण वाऱ्याचा झोत कमी-जास्त झाला तरी स्लिप तो धक्का पचवते. पण तिचं चुंबकत्व तेव्हाही बाहेरूनच यावं लागतं, ग्रिडमधून किंवा कपॅसिटर बँकेतून. ग्रिड गेलं आणि कपॅसिटर नसले तर ती फिरत असूनही वीज देत नाही. सिंक्रोनस जनरेटरला ही अडचण येत नाही, म्हणून डिझेल जनसेटमध्ये तोच असतो.

१९. चालू सिंक्रोनस मोटारीचं एक्सायटेशन, म्हणजे फील्डचं डीसी, गेलं तर ती लगेच थांबते का?

लगेच नाही. बाहेर आलेल्या पोलांचा रोटर असेल तर हलक्या लोडवर ती डीसीशिवायही तालात राहू शकते, कारण लोखंडी पोल स्वतःच क्षेत्राच्या ओढीत सरळ राहू पाहतात. लोड जास्त असेल तर ती तालातून सुटते आणि डॅम्परच्या जोरावर इंडक्शन मोटारीसारखी फिरू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात ती लाइनमधून प्रचंड लॅगिंग करंट ओढत असते आणि फक्त स्टार्टपुरत्या बनवलेल्या डॅम्पर सळ्या तापत असतात. म्हणूनच फील्ड फेल्युअरचा रिले मोटार ट्रिप करतो. तो बायपास करून उत्पादन चालू ठेवायचा आग्रह कोणी केला तर ठाम नकार द्या.

पोलांची ही ओढ एवढ्यावरच चालणाऱ्या मोटारीही आहेत. त्यांना सिंक्रोनस रिलक्टन्स म्हणतात. रोटरवर वाइंडिंगही नाही आणि चुंबकही नाहीत, फक्त खास आकारात कापलेले पत्रे. ड्राइव्हबरोबर त्या वीज चांगली वाचवतात, पॉवर फॅक्टर मात्र कमी असतो.

२०. आमची स्लिपरिंग मोटार निम्म्या वेगाला येऊन अडकते. व्होल्टेज, तिन्ही फेज, सगळं बरोबर आहे.

स्लिपरिंग मोटार ही इंडक्शन मोटारच, पण तिच्या रोटरवर सळ्यांऐवजी वाइंडिंग असतं आणि ते रिंग व ब्रशमधून बाहेरच्या रेझिस्टन्सला जोडलेलं असतं. म्हणून स्टेटर सोडा, रोटरच्या बाजूला बघा. एखादा ब्रश उचलला गेलाय, रेझिस्टन्स बॉक्समधली वायर तुटलीय किंवा रोटरचा एक फेज उघडा पडलाय. रोटरचं वाइंडिंग असं असमतोल झालं की जोराचा आलेख निम्म्या वेगाजवळ खोल खड्डा घेतो आणि लोडवरची मोटार तिथेच घोटाळते. ४ पोलची मोटार ७५० च्या जरा खाली राहून जोरात गुरगुरते. तशीच चालू ठेवू नका.

२१. रेल्वे इंजिनात इंडक्शन, इलेक्ट्रिक गाड्यांत चुंबकवाली सिंक्रोनस. एकाच कामाला दोन वेगळी उत्तरं का?

जागा, चुंबकांची किंमत आणि एका इन्व्हर्टरवर (मोटारीला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वीज देणारं उपकरण) किती मोटारी चालवायच्या, यावर ते ठरतं.

आपल्या डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ इंजिनांत सहा इंडक्शन मोटारी असतात आणि मूळ रचनेत एका बोगीच्या (इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा) तीन मोटारी एकाच इन्व्हर्टरवर चालतात. चाकं झिजून त्यांच्या व्यासात थोडा फरक पडतोच. त्यामुळे तीन मोटारींचे वेग किंचित वेगळे होतात, पण प्रत्येक मोटार आपापली स्लिप कमी-जास्त करून तो फरक सामावून घेते. सिंक्रोनस मोटारींना हे शक्य नाही. वेगवेगळ्या वेगाच्या तीन मोटारी एका फ्रिक्वेन्सीला बांधल्या तर त्या तालातून सुटतील. म्हणून तिथे दर मोटारीला वेगळा इन्व्हर्टर लागतो.

मोटारगाडीत एक-दोनच मोटारी असतात, त्यामुळे ही अडचण येत नाही. जागा आणि बॅटरी मर्यादित असल्याने चुंबकांची मोटार लहान आणि काटकसरी म्हणून परवडते. टाटा नेक्सॉन ईव्हीत तीच आहे. टेस्लाने २०१२ च्या मॉडेल एसमध्ये इंडक्शन मोटार वापरली आणि २०१७ च्या मॉडेल ३ मध्ये मागच्या चाकांना चुंबकांची मोटार दिली. तिच्या दोन मोटारींच्या आवृत्तीत पुढची मात्र इंडक्शनच ठेवली. गरज नसताना पुढच्या मोटारीची वीज बंद केली की तिच्यात चुंबकत्वच उरत नाही, त्यामुळे ती चाकांना ओढ न लावता मोकळी फिरते. चुंबकांची मोटार वीज नसतानाही थोडा विरोध करत राहते.

रेल्वेतही अपवाद आहे. फ्रान्सच्या टीजीव्ही अटलांटिक गाड्यांत ११०० किलोवॅटच्या आठ सिंक्रोनस मोटारी आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र इन्व्हर्टर आहे.